‘वॉक हार्ड’ : चरित्रपटाचे विडंबन आणि विडंबनाची मर्यादा

प्रस्तुत टिपणात आपण जेक कॅझडन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वॉक हार्ड : द ड्यूई कॉक्स स्टोरी’ (२००७) या अमेरिकन चित्रपटाचा विचार करणार आहोत. पटकथा जड अपाटॉव आणि कॅझडन यांची आहे. ड्यूई कॉक्स या काल्पनिक गायकाची भूमिका जॉन सी. रायली यांनी केली आहे. वर्गात हा चित्रपट दाखवला की विद्यार्थी मनसोक्त हसतात, आणि हसून झाल्यावर बहुतेकांच्या वहीत एवढेच उरते की हा एक वात्रट चित्रपट आहे. तो वात्रट आहेच. काही विनोद इतके सवंग आहेत की ते वर्गात दाखवावेत की पुढे सरकवावेत असा प्रश्न शिकवणाऱ्याला पडतो. तरीही चित्रपटसमीक्षेच्या अभ्यासात त्याची जागा पक्की आहे असे मला वाटते. संगीतकारांच्या चरित्रपटांत एका माणसाचे आयुष्य कोणत्या साच्यात ओतले जाते, हे त्याने इतके नेमके उघडे केले आहे की त्यानंतर आलेला प्रत्येक चरित्रपट त्याच्या नजरेखालून जातो.

पार्श्वभूमी

२००४ मध्ये टेलर हॅकफर्ड यांचा ‘रे’ आला. गायक रे चार्ल्स त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते. त्यांची भूमिका करणाऱ्या जेमी फॉक्स यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. पुढच्याच वर्षी जेम्स मॅनगोल्ड यांचा जॉनी कॅशवरील ‘वॉक द लाइन’ आला आणि जून कार्टरच्या भूमिकेसाठी रीस विदरस्पून यांना ऑस्कर मिळाले. हे दोन चित्रपट एकापाठोपाठ एक पाहावेत. गायक वेगळे, त्यांचे संगीत वेगळे, एक कृष्णवर्णीय आणि दुसरा गोरा. तरी गोष्टीचा सांगाडा जवळजवळ एकच दिसतो. खेड्यातले गरीब बालपण, भावाचा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू, त्या मृत्यूचे आयुष्यभराचे ओझे, अचानक मिळालेले यश, दौऱ्यांवरचा मोह, व्यसन, घरी रडणारी पत्नी, तुरुंग किंवा व्यसनमुक्ती, आणि शेवटी सन्मान.

ही साम्ये पटकथाकारांनी रचलेली नाहीत, हे लगेच सांगायला हवे. रे चार्ल्स यांचा धाकटा भाऊ खरोखरच धुण्याच्या टबात बुडून गेला. कॅश यांचा मोठा भाऊ जॅक १९४४ मध्ये लाकूड कापण्याच्या करवतीवर जखमी होऊन वारला. प्रश्न घटनांच्या खरेपणाचा नाही. आयुष्यात घडलेल्या असंख्य गोष्टींपैकी नेमक्या याच गोष्टी उचलून त्यांना गायकाच्या कलेचे कारण ठरवायचे, या सवयीचा आहे. ‘वॉक हार्ड’ या सवयीवर बोट ठेवतो.

सुरुवातीचे दृश्य

या चित्रपटाचे पहिले काही क्षण बारकाईने पाहण्यासारखे आहेत. मोठा समारंभ आहे. पडद्यामागे एक कर्मचारी ड्यूईला शोधत येतो. रंगमंचावर जायची वेळ झाली आहे. ड्यूई भिंतीला एक हात टेकवून, मान खाली घालून उभा आहे. त्याचा जुना ड्रमवादक सॅम (टिम मेडोज) त्या कर्मचाऱ्याला थांबवतो आणि समजावतो की ड्यूईला गाण्यापूर्वी आपले संपूर्ण आयुष्य एकदा आठवावे लागते. आणि फ्लॅशबॅक सुरू होतो.

‘वॉक द लाइन’ पाहिलेल्या प्रेक्षकाला हा संदर्भ तत्काळ कळतो. तिथे १९६८ च्या फोल्सम तुरुंगातील मैफलीपूर्वी कॅश आतल्या सुतारकामाच्या खोलीत करवतीच्या पात्याजवळ विचारमग्न उभा असतो. बाहेर कैदी ताल धरून वाट पाहत असतात. तिथे तो क्षण गंभीर आहे आणि परिणामकारकही आहे. कॅझडन त्यात फारसे काही बदलत नाहीत. चौकट तीच, प्रकाश तसाच, खाली झुकलेली मानही तशीच. फक्त जे मूळ चित्रपटात न बोलता गृहीत धरलेले असते, ते इथे एक पात्र मोठ्याने बोलून टाकते. या चित्रपटातील निम्मे विनोद याच युक्तीवर उभे आहेत.

उदाहरणे द्यायची तर भरपूर आहेत. चरित्रपटात नायकाचे तरुणपण दाखवताना चाळिशीतल्या नटाला पंधरा-सोळा वर्षांचा करण्याची धडपड असते. इथे चाळिशी ओलांडलेले रायली १९५३ च्या शाळेतील गुणदर्शनाच्या कार्यक्रमात चौदा वर्षांचा मुलगा म्हणून सरळ उभे राहतात. मेकअपची फारशी तसदीसुद्धा घेतलेली नाही. प्रसिद्ध व्यक्तीची ओळख प्रेक्षकाला पटावी म्हणून चरित्रपटातली पात्रे एकमेकांना पूर्ण नावाने हाका मारतात. इथे तर प्रत्येक जण आपले नाव, हुद्दा आणि वर्ष सांगूनच वाक्य सुरू करतो. ध्वनिमुद्रण केंद्रातील अधिकारी ड्यूईला हाकलून देणार, तेवढ्यात तो आणखी एक गाणे ऐकवण्याची परवानगी मागतो, आणि जे गाणे साथीदारांनी कधी ऐकलेलेच नाही ते ते पहिल्या मात्रेपासून अचूक वाजवतात. पस्तीस मिनिटांत ते रेडिओवर गाजतेसुद्धा. ‘वॉक द लाइन’मध्ये सॅम फिलिप्ससमोरचा प्रसंग याच वळणाचा आहे, आणि खरे सांगायचे तर तो त्या चित्रपटातील उत्तम प्रसंगांपैकी एक आहे.

व्यसनाचे प्रसंग तर एखाद्या पालुपदासारखे येतात. ड्यूई दार उघडतो, आत सॅम काहीतरी ओढत बसलेला असतो. तो ड्यूईला निघून जा म्हणतो, हे तुझ्यासाठी नाही म्हणतो, आणि मग ड्यूईच्या एकेका प्रश्नाला उत्तर देताना त्या पदार्थाचे गुणच सांगत जातो. पुढच्या वेळी दार तेच, संवादाची घडण तीच, पदार्थ बदललेला. आंरी बर्गसाँ यांनी हास्यावरील निबंधात जिवंत माणसाच्या वागण्यावर यंत्रासारखेपणा चढला की हसू येते असे म्हटले होते. इथे यंत्रासारखे वागते ती पटकथा.

विडंबन म्हणजे काय

मराठीच्या विद्यार्थ्याला विडंबनाची संकल्पना परकी नाही. ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहाने रविकिरण मंडळाच्या काळातील काव्यसंकेतांची जी रेवडी उडवली, ती आजही अभ्यासली जाते. त्या विडंबनांचे सामर्थ्य अत्रे यांच्या वृत्तांवरील आणि शब्दांवरील हुकमतीत आहे. ज्याला मूळ कविता तितक्याच सफाईने लिहिता येणार नाही, त्याचे विडंबन नुसती नक्कल होते. लिंडा हचन यांनी ‘अ थिअरी ऑफ पॅरडी’ (१९८५) या ग्रंथात विडंबनाला चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरावृत्ती मानले आहे, आणि त्यात उपहास असलाच पाहिजे असे नाही हेही आवर्जून मांडले आहे. आदरही त्या अंतरात मावतो.

आपल्या काव्यशास्त्रात याला आणखी जुना आधार सापडतो. भरताने हास्य हा शृंगाराच्या अनुकृतीतून निर्माण होतो असे म्हटले. अभिनवगुप्ताने ती व्याप्ती वाढवली: अनौचित्यामुळे कोणत्याही रसाचा आभास निर्माण झाला की तिथे हास्याला जागा होते. करुणाभास हा ‘वॉक हार्ड’चा खास प्रांत आहे. अलाबामातील खेड्यात लहानगा ड्यूई आणि त्याचा गुणी भाऊ नेट खेळता खेळता कोयत्यांची लढाई करतात आणि ड्यूईच्या हातून नेट कमरेतून दोन तुकडे होतो. वरचा अर्धा भाग शांतपणे बोलत राहतो. डॉक्टर येऊन गंभीर चेहऱ्याने निदान करतात. मग बाप, चुकीचा मुलगा मेला, असे म्हणतो, आणि पुढे आयुष्यभर ड्यूई समोर दिसला की हेच वाक्य टाकतो.

हा विनोद क्रूर आहे का? वर्गात हा प्रश्न नेहमी निघतो आणि तो टाळू नये. खऱ्या माणसांच्या भावांचे मृत्यू या विनोदामागे आहेत. ‘वॉक द लाइन’मध्ये बापाच्या तोंडी जवळपास याच आशयाचे विधान आहे आणि ते ऐकताना अंगावर काटा येतो. माझे उत्तर असे की ‘वॉक हार्ड’ मृत्यूला हसत नाही. मृत्यू चावीसारखा वापरणाऱ्या पटकथेला हसतो. एका भावाच्या मरणाने जर माणूस महान गायक होत असेल, तर भाऊ गमावलेली बाकीची लाखो माणसे काय झाली? ‘रे’ हा प्रश्न विचारत नाही, विचारू शकत नाही. कोयत्याचा प्रसंग इतका हास्यास्पद केल्यामुळेच तो विचारता येतो. त्या धक्क्याने ड्यूईची दृष्टी जाण्याऐवजी वास घेण्याची शक्ती जाते, आणि अखेरीस कुटुंबात परतल्यावर ती परतही येते. संगीताशी नाकाचा काय संबंध, असे मनात येते. पण हाच प्रश्न गंभीर चरित्रपटातील कार्यकारणभावाबद्दल आपण सहसा विचारत नाही.

गाणी

इथे थोडे थांबू. या चित्रपटावर लिहिणारे बहुतेक जण विनोदांची यादी करतात आणि गाण्यांना एक परिच्छेद देतात. प्रत्यक्षात तो टिकला आहे तो गाण्यांमुळे.

ड्यूईच्या कारकिर्दीत अमेरिकन लोकप्रिय संगीताची जवळपास पन्नास वर्षे येतात: पन्नाशीतले रॉक-अँड-रोल, जॉनी कॅशच्या वळणाचे कंट्री, पुरुष आणि स्त्री यांचे खट्याळ युगुलगीत, साठीतले निषेधगीत, बॉब डिलनसारखे दुर्बोध प्रतिमांचे गाणे, स्टुडिओत महिनोन्महिने चालणारे वाद्यवृंदाचे प्रयोग, सत्तरीतला दूरचित्रवाणीवरचा झगमगाट. प्रत्येक टप्प्याला नवे गाणे लागते आणि ते त्या काळातले वाटले पाहिजे. बहुतांश गाणी डॅन बर्न आणि माइक व्हायोला यांनी लिहिली. शीर्षकगीताच्या रचनेत मार्शल क्रेनशॉ यांचा हात आहे. हेच क्रेनशॉ ‘ला बाम्बा’ (१९८७) या रिची व्हॅलेन्सवरील चरित्रपटात बडी हॉलीच्या भूमिकेत दिसले होते. म्हणजे ज्याने चरित्रपटात काम केले त्यानेच त्याच्या विडंबनाला चाल दिली.

त्याहून गंमतीचे उदाहरण ‘ब्लॅक शीप’ या गाण्याचे आहे. ब्रायन विल्सन यांनी १९६६-६७ मध्ये ‘स्माइल’ या महत्त्वाकांक्षी ध्वनिमुद्रिकेवर जो अपुरा राहिलेला खटाटोप केला, त्याची ही नक्कल. ड्यूई वाद्यवृंद गोळा करतो, प्राण्यांचे आवाज मागवतो, एका गाण्यासाठी सहकाऱ्यांना वेड लागायची पाळी आणतो. ‘स्माइल’ची गीते व्हॅन डाइक पार्क्स यांनी लिहिली होती, आणि ‘ब्लॅक शीप’सुद्धा त्यांच्याच लेखणीतून उतरले आहे. मूळ कर्त्यानेच आपल्या शैलीचे विडंबन करावे, याहून मोठा हचन यांच्या म्हणण्याचा पुरावा शोधून सापडणार नाही. हे गाणे प्रसंगातून वेगळे काढून ऐकावे. त्यातला विनोद नाहीसा होतो आणि उरते ते सुंदरच असते.

रायली स्वतः गातात. ‘शिकागो’ (२००२) मधील त्यांचे गाणे ज्यांनी ऐकले असेल त्यांना आश्चर्य वाटणार नाही. प्रदर्शनापूर्वी त्यांनी ड्यूई कॉक्सच्या वेषात अमेरिकेतील काही शहरांत खरोखरीच्या मैफली केल्या. शीर्षकगीताला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले आणि रायली यांनाही. चित्रपट मात्र चालला नाही. सुमारे ३५ दशलक्ष डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाची जगभरची कमाई २० दशलक्षांच्या थोडीच वर गेली.

सॅम आणि एडिथ

आता या चित्रपटाच्या सर्वात धारदार भागाकडे वळू, आणि तिथेच त्याचा कमकुवतपणाही दिसतो.

लहान ड्यूई एका पडवीत बसलेल्या कृष्णवर्णीय ब्लूज वादकांकडे जातो. त्याच्या हातात गिटार येते आणि दोन क्षणांत हा गोरा पोरगा आयुष्यभर सोसलेल्या दुःखाचे गाणे म्हणू लागतो. पुढे तरुणपणी तो कृष्णवर्णीयांच्या क्लबात झाडलोट करत असतो. मुख्य गायक (क्रेग रॉबिन्सन) गाऊ शकत नाही म्हटल्यावर ड्यूई त्याच्या जागी उभा राहतो आणि त्याचेच गाणे, कृष्णवर्णीय पुरुषाने स्वतःबद्दल म्हटलेले, शब्दही न बदलता गातो. श्रोते अवाक् होतात. रॉक-अँड-रोलचा इतिहास या दोन मिनिटांत आला आहे. एल्व्हिस प्रेस्लीची जुलै १९५४ ची पहिली ध्वनिमुद्रिका ही आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाच्या गाण्याची होती, आणि क्रूडप मानधनासाठी आयुष्यभर झगडत राहिले. चरित्रपटात असा गुरू एका दृश्यात येतो, नायकाच्या पाठीवर हात ठेवतो आणि निघून जातो. ‘वॉक हार्ड’ त्या दृश्याचा खोटेपणा दाखवतो. सॅमच्या रूपाने तो एक पाऊल पुढे जातो. पन्नास वर्षे सोबत राहिलेला हा वादक एके ठिकाणी साठलेला सगळा राग ओकतो, आणि ड्यूईने त्याच्याकडून घेतलेल्या अमली पदार्थांचे पैसे एकदाही दिले नाहीत, हे त्या रागाच्या तळाशी असते. प्रेक्षक हसतो. पण कोणी कोणाचे किती देणे लागतो, हा हिशेब त्या वाक्यात राहतोच.

एडिथच्या बाबतीत मात्र मामला वेगळा आहे. ड्यूईची पहिली पत्नी (क्रिस्टन विग) दर दृश्यात नवे मूल कडेवर घेऊन येते आणि तुला कधीच यश मिळणार नाही असे बजावत राहते. गाणे देशभर गाजल्यावरही तिचे बजावणे थांबत नाही. हा रोख ‘वॉक द लाइन’मधील कॅश यांच्या पहिल्या पत्नीच्या, व्हिव्हियन लिबर्टो यांच्या चित्रणावर आहे. तिथे त्या कटकट करणारी, नवऱ्याचे संगीत न कळणारी बाई म्हणून येतात. व्हिव्हियन २००५ मध्ये वारल्या. त्यांची स्वतःची आठवणींची नोंद ‘आय वॉक्ड द लाइन’ या नावाने २००७ मध्ये, म्हणजे ‘वॉक हार्ड’च्याच वर्षी, पुस्तकरूपाने आली. पुढे २०२० मध्ये त्यांच्या चार मुलींच्या आठवणींवर आधारलेला ‘माय डार्लिंग व्हिव्हियन’ हा माहितीपटही झाला. तो पाहिला की चरित्रपटाने एका खऱ्या बाईचे काय केले होते हे कळते.

मग ‘वॉक हार्ड’ने एडिथसाठी काय केले? पत्नीला अडथळा म्हणून रंगवणाऱ्या पटकथेची त्याने थट्टा केली, हे खरे. पण त्या थट्टेपलीकडे एडिथला एकही वाक्य दिले नाही. सॅमला राग दिला तसा एडिथला राग, हिशेब, काहीच मिळत नाही. ती अडथळाच राहते, फक्त आता हसवणारा अडथळा. दुसरी नायिका डार्लीन (जेना फिशर) हिचीही अवस्था फार निराळी नाही. संकेत उघडा पाडला म्हणजे तो ओलांडला असे होत नाही. विडंबनकार ज्या घरात राहून भिंतींना नावे ठेवतो, त्या घराचे छप्पर त्याच्याही डोक्यावर असते. उत्तरार्धात चित्रपट रेंगाळतो तोही याच कारणाने: सत्तरीच्या दशकापर्यंत येता येता युक्ती ओळखीची होते आणि प्रसंग सुटे सुटे प्रहसन वाटू लागतात.

ऋषिकेशचा प्रसंग

भारतीय प्रेक्षकाचे कान टवकारतात तो प्रसंग महर्षी महेश योगींच्या सान्निध्यातला. १९६८ च्या प्रारंभी बीटल्स ऋषिकेशला गंगाकाठच्या आश्रमात राहिले, आणि त्या वर्षीच्या त्यांच्या जोडध्वनिमुद्रिकेतील अनेक गाणी तिथे सुचली, हा इतिहास आहे. चित्रपटात जॅक ब्लॅक (मॅकार्टनी), पॉल रड (लेनन), जस्टिन लाँग (हॅरिसन) आणि जेसन श्वार्ट्झमन (रिंगो) मुद्दाम ओबडधोबड लिव्हरपुली उच्चारांत एकमेकांशी भांडतात. ड्यूई त्यांच्यासोबत एलएसडी घेतो आणि पडद्यावर ‘यलो सबमरीन’च्या धर्तीचे रंगीत चलच्चित्र उमटते. चौघांच्या भांडणाचा विनोद अस्सल आहे. पण भारत? तो हार, पांढरे कपडे आणि ध्यान एवढाच आहे. पाश्चात्त्य चरित्रपटात भारत नेहमी नायकाच्या मनःस्थितीचा पडदा म्हणून येतो. या ठिकाणी ‘वॉक हार्ड’ त्या सवयीची थट्टा करत नाही, ती निमूटपणे पुढे चालवतो. हा प्रसंग गंमत म्हणून पाहावा, फार खोल शोधू नये.

चरित्रपट मेला का?

एखाद्या प्रकाराचे इतके समूळ विडंबन झाल्यावर तो प्रकार थांबावा अशी अपेक्षा असते. सर्व्हांतेसच्या ‘दोन किहोते’नंतर शूरवीरांच्या अद्भुत कथा लिहिणे अवघड झाले असे म्हटले जाते. चरित्रपटाचे उलटे झाले. ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ने (२०१८) जगभरात ९०० दशलक्ष डॉलरहून अधिक कमावले आणि चार ऑस्कर मिळवली. त्यात फ्रेडी मर्क्युरी यांना आपल्या आजाराची जाणीव १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ मैफलीआधी झाल्याचे दाखवले आहे. ती जाणीव नंतरची असल्याचे सामान्यतः मानले जाते. घटनेची तारीख सरकवली, कारण साच्यात शेवटच्या मैफलीआधी एक जखम लागते. ‘रॉकेटमन’ (२०१९) व्यसनमुक्तीच्या वर्तुळात बसलेल्या नायकापासून सुरू होतो आणि तिथून बालपणात जातो. भिंतीला हात टेकलेला ड्यूई आठवल्याशिवाय राहत नाही.

असे का होत असावे? एक कारण भावनिक आहे. ज्या गाण्यांवर आपण वाढलो ती अंधारात, मोठ्या आवाजात, अनोळखी माणसांसोबत पुन्हा ऐकायची हौस भागवायला साचा पुरेसा असतो. त्यासाठी नावीन्य लागत नाही. दुसरे कारण व्यवहाराचे आहे आणि ते अभ्यासक्रमात फारसे येत नाही. गायकावरचा चित्रपट गाण्यांशिवाय होत नाही, आणि गाण्यांचे हक्क गायकाकडे, वारसांकडे किंवा त्यांच्याशी करार केलेल्या कंपन्यांकडे असतात. ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’च्या निर्मितीत क्वीनचे ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचा सहभाग होता. परवानगी देणाऱ्याला दुखावणारी गोष्ट सांगणे कठीण. मग उरते व्यसन (कारण ते सुटलेले असते), बालपण (कारण ते दूरचे असते) आणि कठोर बाप (कारण तो बहुधा हयात नसतो). साचा हा तडजोडीचा आकार आहे. ‘वॉक हार्ड’ला ही अडचण नव्हती. ड्यूई कॉक्स कधी जन्मलाच नाही, त्याची सगळी गाणी नव्याने लिहिली गेली, म्हणून त्याला वाटेल ते बोलता आले.

याच वर्षी टॉड हेन्स यांचा ‘आय अ‍ॅम नॉट देअर’ आला. त्यात बॉब डिलनच्या सहा रूपांसाठी सहा नट आहेत, त्यांत एक स्त्री आणि एक कृष्णवर्णीय मुलगा. चरित्रपटाला दिलेले हे दुसरे उत्तर: साच्याला हसण्याऐवजी तो मोडूनच टाकायचा. विद्यार्थ्यांनी हे दोन चित्रपट जोडीने पाहावेत असा माझा आग्रह असतो, जरी दुसरा पाहताना निम्मा वर्ग पेंगतो. ‘वॉक द लाइन’चे मॅनगोल्ड स्वतः २०२४ मध्ये डिलनवरील ‘अ कम्प्लीट अननोन’ घेऊन परतले. त्यांनी या वेळी बालपण वगळले आणि १९६१ ते १९६५ एवढाच काळ घेतला. विडंबनाचा धडा त्यांनी मनावर घेतला की नाही हे सांगता येणार नाही, पण मेलेला भाऊ या वेळी नाही. आणि डॅनियल रॅडक्लिफ यांचा ‘विअर्ड’ (२०२२) तर एका खऱ्या, हयात विडंबनगायकाचे संपूर्ण खोटे चरित्र सांगतो, तेही त्या गायकाच्या सहभागाने.

आपले साचे

हा चित्रपट भारतीय भाषांतून शिकवताना शेवटी आपल्याकडे यावे लागते. आपला साचा वेगळा आहे. त्यात अमली पदार्थ कमी आणि गुरू जास्त. लहान मुलाचे गाणे ऐकून कोणीतरी थोर माणूस स्तब्ध होतो. पुढे गुरूचे दार बंद होते, घराण्याचा प्रश्न येतो, आणि सभागृहात शेवटच्या रांगेत बसलेला विरोधक मान डोलावतो. रवी जाधव यांच्या ‘बालगंधर्व’ (२०११) मधील सुबोध भावे यांचा अभिनय मोठा आहे. पण टिळकांनी नाव देण्याचा प्रसंग किंवा १९११ मधील ‘मानापमान’च्या प्रयोगाच्या दिवशी मूल गेल्याची हकीकत यांच्याशिवाय त्या आयुष्याची गोष्ट सांगण्याची आपली तयारी आहे का? कलेसाठी दुःख गिळले, हा आपला कोयता आहे.

निपुण धर्माधिकारी यांच्या ‘मी वसंतराव’ (२०२२) मध्ये नातू राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका केली आहे. कुटुंबाच्या सहभागाचा मुद्दा इथे लागू होतोच, पण चित्रपट एका बाबतीत साच्याबाहेर जातो. वसंतराव देशपांडे यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मधील खाँसाहेबांनंतर त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. कारकुनी आणि उशीर यांना पडद्यावर जागा देणे कठीण असते, कारण त्यात एकही क्षण ‘घडत’ नाही. जिथे हा चित्रपट कंटाळवाण्या वर्षांना सामोरा जातो तिथे तो मला अधिक खरा वाटतो.

पंजाबी गायक चमकीला यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. ८ मार्च १९८८ रोजी मेहसमपूर येथे त्यांची आणि अमरजोत यांची हत्या झाली. इम्तियाज अली यांचा ‘अमरसिंग चमकीला’ (२०२४) त्या हत्येपासून सुरू होतो आणि माणसांच्या आठवणींतून मागे जातो. त्याच्या सहा वर्षे आधी कबीरसिंग चौधरी यांचा ‘मेहसमपूर’ (२०१८) आला होता. त्यात चमकीलावर चित्रपट काढायला मुंबईहून पंजाबात गेलेला एक दिग्दर्शक आहे, जो त्यांच्या ओळखीच्या माणसांना कॅमेऱ्यासमोर उभे करून त्यांचे जुने दुःख पुन्हा अभिनित करायला लावतो. तो विनोदी चित्रपट म्हणता येणार नाही, पण हसू येते, आणि हसू आल्यावर अवघडल्यासारखे होते. ‘वॉक हार्ड’ने एडिथला जे दिले नाही, ते इथे दुय्यम माणसांना मिळते: कॅमेऱ्याकडे वळून, तुला नेमके काय हवे आहे, असे विचारण्याची संधी.

पुढील तासासाठी ‘वॉक द लाइन’ आणि ‘वॉक हार्ड’ यांची पहिली दहा दहा मिनिटे लागोपाठ पाहून यावे, त्याच क्रमाने. उलट क्रमाने पाहिल्यास कॅशच्या करवतीजवळच्या दृश्यात गांभीर्य टिकवणे अवघड जाते. ज्यांना वेळ असेल त्यांनी ड्यूईचा मृत्यू कसा नोंदवला आहे तेही पाहून ठेवावे: जीवनगौरव समारंभात तो अखेरचे गाणे म्हणतो, आणि त्यानंतर तीन मिनिटांनी तो वारल्याचे पडद्यावरची पाटी सांगते.